शेवटी तो बेडूकच राहिला असता तर?

बडोद्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४२, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात. यजमान मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर. लग्नाला १७ वर्षं झाली, मुलगी दहावीत आहे. या पावसाळ्यात ताईंनी पहिली मोठी कथा लिहिली. बेडूक झालेल्या राजपुत्राची जुनी परीकथा त्यांनी बडोद्यात आणली. १८७५ साली मल्हारराव गायकवाड गादीवरून गेले, त्या गोंधळात दरबारातल्या एका सरदाराला शाप लागतो आणि तो बेडूक होऊन नवलखी वावेत, म्हणजे तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत, राहू लागतो. एका कारकुनाच्या मुलीची नथ वावेत पडते. बेडूक ती काढून देतो आणि बदल्यात तिच्या घरी राहायला येतो. शेवटी ती त्याच्या कपाळावर ओठ टेकवते आणि समोर रुबाबदार सरदार उभा राहतो.

कथा दांडिया बाजारातल्या एका घरी, वाचनमंडळात वाचली गेली. यजमान ताईंना घ्यायला लवकर आले आणि मागच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळी ऐकली. कथेतला बेडूक निजताना उशाशी पाण्याचा पेला ठेवतो, दिवा मालवण्याआधी तीनदा घसा खाकरतो, पाय धुऊन कोरडे केल्याशिवाय अंथरुणात शिरत नाही. ऐकता ऐकता नणंद मोठ्यानं म्हणाली, ‘अगं, हा तर आपला दादाच!’ चौदाही बायका हसल्या. तेही हसले. स्कूटरवरून मांजलपूरला परतताना लालबागच्या पुलावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘शेवटी तो बेडूकच राहिला असता तर?’ ताई म्हणाल्या, ‘मग गोष्ट कसली?’

त्याला तीन आठवडे झाले. उशाचा पेला स्वयंपाकघरात गेला आहे. घसा ते आता न्हाणीघरात नळ सोडून खाकरतात. भांडण नाही, अबोलाही नाही. कथा एका दिवाळी अंकानं घेतली आहे आणि अंक छपाईला जायला पंधरा दिवस उरलेत. आई म्हणते, मागे घे. मैत्रीण म्हणते, लेखिका व्हायचं तर गेंड्याची कातडी पांघर. ‘कथा वाचवू की घर?’ असं ताईंनी विचारलं आहे.

ताई,

तुमच्या पत्रात ‘तो बेडूक म्हणजे हे नव्हेतच, शपथेवर सांगते’ हे वाक्य तीन ठिकाणी आहे. शपथ राहू द्या. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. त्याला लागणारं पाणी तो कातडीतून घेतो. ओल्या जागी पोट टेकवून बसला की झालं त्याचं पाणी पिऊन. त्याला उशाशी पेला ठेवायचं काही कारणच नाही. तेव्हा तो पेला वावेतून आलेला नाही, मांजलपूरच्या तुमच्या खोलीतून आला आहे. स्टीलचा असणार, आणि वर झाकण म्हणून वाटी पालथी घातलेली. (वाटी मी मनानं घातली. पण असणार.)

तुम्हाला पकडायचं म्हणून हे लिहीत नाही. कथेची जी चार पानं तुम्ही सोबत पाठवलीत, त्यात मला सगळ्यात जिवंत वाटला तो हाच तुकडा. सरदाराचा मंदिल, शालजोडी, कमरेची तलवार हे तुम्ही कुठेतरी वाचून लिहिलंय, ते कळतं. पेला पाहून लिहिलाय. दिवा मालवण्याआधी एक माणूस रोज काय काय करतो, कोणत्या क्रमानं करतो, हे १७ वर्षं इतकं बारकाईनं कोण बघतं? ज्याच्याकडे बघणंच सोडून दिलंय त्याच्याबद्दल असं लिहिता येत नाही, ताई. पण हे तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत. सांगितलंत काय, तर ‘ते तुम्ही नाहीच’.

आता मागच्या खुर्चीतून बघा. माणूस बायकोला घ्यायला आलाय, कथावाचन वगैरे त्याच्या गावीही नाही. त्याच्या कानावर स्वतःचा पेला येतो, स्वतःचा घसा येतो, बहीण नाव घेते, खोलीभर बायका हसतात. आणि घरी आल्यावर जिनं हे लिहिलं ती म्हणते, छे, तुमचा काय संबंध. बेडकापेक्षा हे खोटं त्यांना जड गेलं असेल असं मला वाटतं.

माझ्या हातून हे एकदा झालंय. माझी एक मावशी सकाळी दूधवाल्याशी अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत भांडायची. ‘काल पाणी वधारे होतं, आज दूध ओछं आहे, मला काय वेडी समजतोस?’ असं रोज, पाच मिनिटं, दारात पातेलं धरून. मी त्यावर एका स्मरणिकेत गमतीचा लेख लिहिला. लोकांना फार आवडला. मावशीही म्हणाली, छान जमलाय हो. आणि दुसऱ्या दिवसापासून ती दूधवाल्यासमोर मुकाट पातेलं धरायला लागली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात ना, तसंच झालं. फक्त हा खोकला जायला नको होता. मला कौतुकाची चार पोस्टकार्डं आली आणि तिची सकाळ गेली. पुढे ती परत कशी आली ते शेवटी सांगते.

तुम्ही लिहिताय की पुलावरचा प्रश्न त्यांनी ‘रागात किंवा चेष्टेत’ विचारला असेल. मला दोन्ही वाटत नाही. मला तो एका चांगल्या वाचकाचा प्रश्न वाटतो. इतका नेमका, की तो वाचून मी उठून पुस्तकांच्या कपाटापाशी गेले.

ही गोष्ट ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मनीत छापली. त्यांच्या संग्रहातली ती पहिलीच गोष्ट. तिच्यात चुंबन नाही. राजकन्येचा सोन्याचा चेंडू विहिरीत पडतो. बेडूक म्हणतो, काढून देतो, काय देशील? ती म्हणते, माझे कपडे घे, मोती घे, डोक्यावरचा मुकुट घे. तो म्हणतो, त्यातलं काही नको. मला तुझ्या शेजारी बसव, तुझ्या ताटात जेवू दे, तुझ्या पेल्यातून पिऊ दे, तुझ्या बिछान्यात झोपू दे. (हो, तिथेही पेला आहे. पण तो राजकन्येचा, मेजावरचा.) ती हो म्हणते आणि चेंडू मिळताच पळते. दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. बाप बजावतो, शब्द दिलास ना, आता पाळ. ती नाक मुरडत त्याला ताटात घेते, पण तो बिछान्यात घ्यायचा हट्ट धरतो तेव्हा तिचा संताप होतो आणि ती त्याला उचलून भिंतीवर आपटते. खाली पडतो तो राजपुत्र.

१८२३ साली गोष्ट इंग्रजीत गेली तेव्हा भाषांतरकाराला ही भिंत बहुधा परवडली नाही. त्यानं बेडकाला तीन रात्री राजकन्येच्या उशीवर झोपवलं आणि तिसऱ्या सकाळी राजपुत्र केलं. चुंबन त्याच्याही नंतरचं. आता सगळ्यांना तेवढंच ठाऊक, आणि तुम्हीही तेच घेतलंत.

आपटा, सहन करा किंवा ओठ टेकवा. तिन्ही शेवटांत बेडूक मात्र जातोच. तो राहिला आणि गोष्ट तरी पुरी झाली, असा चौथा शेवट यात नाही. तुमच्या यजमानांनी पुलावर तो मागितला. तुम्ही म्हणालात, मग गोष्ट कसली?

आणखी एक बघा. विहिरीच्या काठावर झालेल्या त्या सौद्यात बेडूक ‘मला माणूस कर’ असं एकदाही म्हणत नाही. तो मागतो शेजारची जागा आणि ताटातला घास. देखणा तरुण हे राजकन्येला मिळालेलं वरचं बक्षीस आहे, त्यानं मागितलेलं नाही. तुमच्या कथेत मात्र बेडूक वावेच्या पायरीवर बसून पानभर रडतो की माझं रूप मला परत दे. ते पान मला सगळ्यात कच्चं वाटलं. कारण त्या आधीच्या पानावर हाच बेडूक किती मजेत पाय पुसत होता!

आता थोडं संपादकी बोलते, कारण तुम्ही पत्रात लेखिका म्हणूनही मत मागितलंय. तुमच्या कथेतलं १८७५ हे साल नाटकातल्या पडद्यासारखं मागे लटकून राहिलंय. वास्तविक त्याच साली बडोद्यात या गोष्टीची सख्खी बहीण घडत होती. एप्रिलमध्ये मल्हाररावांची गादी गेली. २७ मे रोजी नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेला शेतकऱ्याचा १२ वर्षांचा मुलगा, गोपाळ, आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. शाप नाही, चुंबन नाही. इलियट नावाचा शिक्षक नेमला गेला, अभ्यास लागला, आणि राज्याचे पूर्ण अधिकार हातात यायला १८८१ उजाडलं. सहा वर्षं! तुमचा बेडूक वावेत बसून गावातली बातमी ऐकतोय की एक शेतकऱ्याचा मुलगा राजा होणार आहे, आणि त्याला त्यावर काहीच वाटत नाही? मी त्याच्या जागी असते तर विचारलं असतं, राजा झाल्यावर कवळाण्याचा गोपाळ कुठे गेला? बघा, घरातल्या वाचकानं विचारलं ते याहून फार वेगळं नाही.

आणि तुमच्या कथेतून एक माणूस गळून पडलाय. ग्रिमांच्या गोष्टीचं नाव नुसतं ‘बेडूकराजा’ नाही, ‘बेडूकराजा किंवा लोखंडी हाइनरिश’ असं आहे. हाइनरिश म्हणजे राजपुत्राचा नोकर. मालक बेडूक झाला तेव्हा याला इतकं दुःख झालं की छाती फुटू नये म्हणून त्यानं काळजाभोवती लोखंडाच्या तीन पट्ट्या ठोकून घेतल्या. शेवटी तो गाडी घेऊन येतो. वाटेत कडाड्कन आवाज होतो. राजपुत्र म्हणतो, हाइनरिश, गाडी मोडतेय. तो म्हणतो, नाही मालक, ती माझ्या काळजावरची पट्टी आहे. असं तीनदा. लहानपणी मला हा शेवटचा भाग उगाच जोडलेला वाटायचा. आता वाटतं की मालक बेडूक असतानाही तो ज्याला हवा होता असा गोष्टीत हा एकटाच, आणि म्हणून त्याचं नाव थेट मथळ्यात आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर, जरा घाईत, तुम्ही एक लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी यजमानांचा कारखाना सात महिने बंद होता. शेजाऱ्यांना आणि मुलीला कळू नये म्हणून तुम्ही रोज सकाळी डबा भरून देत होतात आणि ते तो डबा घेऊन कमाटीबागेत जाऊन बसायचे. संध्याकाळी घरी आले की तुम्ही विचारायचात, ‘आज काम जास्त होतं का?’ मुलगी समोर असायची म्हणून. हे तुम्ही ‘आमचं नातं तसं चांगलं आहे’ याचा पुरावा म्हणून दिलंय आणि पुढच्या ओळीत परत दिवाळी अंकावर गेला आहात.

मी मात्र तिथेच थांबले. कारण ‘शेवटी तो बेडूकच राहिला असता तर’ याचं उत्तर तुम्ही सात महिने रोज डब्यात भरून दिलेलं आहे. तेव्हा तो माणूस उद्या सरदार होईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. पुलावर तुम्हाला ते आठवलं नाही. मागून गाड्यांचे हॉर्न, कानात अजून टाळ्या, कुणाला आठवणार! पण त्यांना बहुधा तेच आठवत होतं. वाचणाऱ्यांनी तुम्हाला राजकन्या समजलं आणि तुम्हीही स्वतःला तिच्याच जागी बसवलंत. मला तुम्ही हाइनरिश वाटता. त्या सात महिन्यांत तुमच्या छातीवर किती पट्ट्या चढल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला शंका आहे की त्यांनाही कधी सांगितलेलं नाही.

म्हणून माफी मागायची तर पुलावरच्या त्या उत्तराची मागा. कथेची मागू नका. कथेची माफी मागितलीत की त्यांनी ती दिल्यासारखं करायचं, तुम्ही मिळाल्यासारखं करायचं, आणि पेला स्वयंपाकघरातच राहायचा.

आईंच्या सल्ल्याबद्दल. महाभारतातल्या वनपर्वात बेडकांची एक गोष्ट येते. अयोध्येचा परीक्षित नावाचा राजा (अभिमन्यूचा मुलगा तो वेगळा) रानात भेटलेल्या एका मुलीशी लग्न करतो. तिची अट एकच, मला पाणी दाखवायचं नाही. राजा एकदा विसरतो आणि तिला तळ्यात उतरायला सांगतो. ती उतरते ती दिसेनाशीच होते. राजा तळं उपसून काढतो, तर बिळाच्या तोंडाशी एक बेडूक. ह्यानंच माझी राणी खाल्ली असं समजून तो दिसेल तो बेडूक मारायचं फर्मान काढतो. शेवटी बेडकांचा राजा आयु स्वतः येऊन सांगतो, बाबा, ती माझीच मुलगी, सुशोभना. घेऊन जा.

कथा मागे घेणं मला त्या तळं उपसण्यासारखं वाटतं. नुकसान झालंय ते एका ठिकाणी, चौदा जणींसमोर एक पाणी दाखवलं गेलं तिथे. त्यासाठी सगळे बेडूक मारून काही हाती लागत नाही. शिवाय मागे घेतलेली कथा कपाटात गप्प राहत नाही. पुढच्या प्रत्येक भांडणात ‘तुमच्यासाठी मी ती कथासुद्धा’ अशी ती बाहेर येते. मैत्रिणीचा सल्ला मला आईंच्या सल्ल्याहूनही कमी पटला. गेंड्याची कातडी पांघरून हिशेब करता येईल, पण ज्या नजरेनं तुम्हाला तो पेला दिसला ती पातळ कातडीचीच नजर आहे.

मी असं सुचवेन. एखाद्या रविवारी, मुलगी क्लासला गेली की, कथेची छापील प्रत त्यांच्या हातात द्या आणि सोबत एक पेन्सिल. म्हणा, यात तुमचं काय काय आहे त्याखाली रेघ मारा. कथा छापू का, असं विचारू नका. त्याचं उत्तर कुठलाही भला नवरा ‘छाप की’ असंच देतो आणि तुम्ही होतात तिथेच राहता. रेघा मारून झाल्या की एकेका रेघेबद्दल विचारा, हे ठेवू का? ज्याला ते नको म्हणतील ते काढा, हुज्जत न घालता. त्यांच्या अंगाच्या, आजारपणाच्या, पगाराच्या खुणा त्यांच्या मालकीच्या आहेत. गोष्ट तुमची. ही वाटणी मी घरच्यांवर लिहिणाऱ्या सगळ्यांनाच सांगते. सासूवर कविता करणाऱ्या एका कवीला सांगितली तेव्हा तो रागावला होता, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे पावसासाठी बेडकांची लग्नं लावतात. भोपाळला २०१९ साली असंच एक लग्न लागलं आणि पुढे पाऊस थांबेना म्हणून त्याच जोडप्याचा काडीमोडही समारंभानं झाला. दोन्ही वेळा बेडकांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही निदान विचारा.

घसा खाकरणं काढावं लागलं तर हळहळू नका. खऱ्या बेडकांकडे त्याहून चांगला माल आहे. आपल्याकडचा मोठा बेडूक एरवी मळकट हिरवा असतो, पण पहिल्या जोरदार पावसात नर पिवळाजर्द होतो आणि ओरडताना गळ्याशी दोन निळे फुगे येतात. आणि तो ‘डराव डराव’ म्हणजे त्यानं मादीला घातलेली साद असते. थोड्या दिवसांत रंग उतरतो आणि बेडूक पुन्हा पूर्वीसारखा. शाप नाही, उःशाप नाही, दर वर्षी होणारी गोष्ट. चौथ्या शेवटासाठी हे वापरून बघा. वापरलाच पाहिजे असं नाही. यजमान खूश व्हावेत म्हणून शेवट बदलणार असाल तर अजिबात बदलू नका, वाचणाऱ्याला ती खुशामत लगेच कळते. सध्याचा शेवट उसना आहे, म्हणून बदला.

संपादकांना आजच कळवा की शेवटच्या दुरुस्त्यांसह प्रत दहा दिवसांत देते. दिवाळी अंकाच्या संपादकांना अशा निरोपांची सवय असते. दहा दिवसांत घरात बोलणं झालंच नाही तर त्यांना दुसरं काही द्या, ही कथा पुढच्या वर्षी.

नणंदेवर राग धरू नका. तिनं भावाला दोन वाक्यांत ओळखलं, ते मायेनंच. पण भाऊबीजेला फराळाच्या ताटावर ‘आमचा बेडूकदादा’ होणार हे नक्की, तेव्हा तिच्या कानावर आत्ताच घाला.

आणि एक शक्यता तपासा, जी लिहिणाऱ्यांना सहसा सुचत नाही. कदाचित हे सगळं तुमच्या कथेमुळे नसेलच. लिहिणाऱ्याला वाटतं की घरातला प्रत्येक उसासा आपल्या लिखाणावरच आहे. कारखाना एकदा बंद पडलेला माणूस तीन आठवडे गप्प असेल तर आधी विचारावं, ‘कामावर सगळं ठीक आहे ना?’ या वेळी मुलगी समोर नसताना.

या पत्रासारखीच, पण उलट्या बाजूची पत्रं मला दर महिन्याला येतात. मुलींची. ‘तो पितो, पण लग्नानंतर सुधारेल.’ ‘हात उचलतो, पण मनानं चांगला आहे.’ त्यांना या गोष्टीतलं फक्त चुंबन सांगितलं गेलंय. त्यांनी ग्रिमांची भिंत लक्षात ठेवावी. राजकन्येनं शेवटी नाही म्हटलं, जोरात म्हटलं, आणि बाप रागावेल म्हणून ती थांबली नाही. उशाशी पेला ठेवणारा माणूस आणि पेला फेकून मारणारा माणूस यांची गल्लत करू नका. दुसऱ्यासाठी सल्ला वेगळा आहे, आणि तो ‘वाट बघ’ असा कधीच नसतो. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, किंवा निदान आईला सगळं खरं सांगा.

आता मावशी. वर्षभर ती गप्प पातेलं धरत होती. मी दोनदा सॉरी म्हटलं, ती म्हणाली, कशाबद्दल गं? मग एकदा मुक्कामाला गेले असताना सकाळी घंटी वाजली आणि मीच पातेलं घेऊन दारात गेले. म्हटलं, आपण भांडून बघू. ‘काल दूध पातळं होतं,’ मी सुरुवात केली, माझ्या मोडक्या गुजरातीत, आणि दूधवाला इतका नम्रपणे ‘हा बेन, हा बेन’ करत राहिला की मला पुढचं वाक्यच सुचेना. आतून चप्पल फटफटवत मावशी आली. ‘सरक बाजूला,’ ती म्हणाली, ‘असं भांडतात होय?’ आणि माझ्या हातातलं पातेलं तिनं काढून घेतलं.